तापलेला विळा, नायलॉनचा दोरा

आईला घेऊन मी गाव सोडलं तेव्हा माझा उजवा तळहात भाजलेला होता आणि मोठेबाबांच्या कपाळातून रक्त गळत होतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अंगणातल्या चुलीपाशी बसून ते ओरडत होते, "जाय! कॉलेज शिकली तं डागदरीण झाली का तू? बापाच्या भावावर हात टाकते?" आई फाटकापाशी उभी होती. मी तिला ओढतच एसटीत चढवलं. गावच्या लोकांनो, तुम्ही सगळे बघत होते. म्हणून तुमच्यासाठी लिहून राहिली, आणि जे माझ्यासारखे रायपूरला आले त्यांच्यासाठीही.

बाबा राइस मिलमध्ये हमाल होते. घरातला भात त्यांच्या पाठीवरून यायचा. शुगर निघाली तेव्हा उपकेंद्रातली सिस्टर म्हणाली, गोळी रोज घ्या. गोळ्या कधी असायच्या, कधी नसायच्या. शुगर मोजायची मशीन होती, तिच्या पट्ट्या नसायच्या. तालुक्याला जायचं तर त्या दिवसाची हमाली बुडायची. मग पाय बधिर झाले. चालता चालता चप्पल निघून जायची, बाबांना पत्ता नसायचा. मागून कोणीतरी हाक मारून सांगायचं.

बधिर अंगाला आपल्याकडे एकच इलाज, डाग. तापलेला विळा टेकवला की मेलेली नस जागी होते म्हणतात. अर्ध्या गावाच्या पाठीवर-पोटऱ्यांवर मोठेबाबांचे डाग आहेत. मी तेव्हा बारावीत होते. त्या दिवशी चूल मी फुंकली. विळा लाल झाला. मोठेबाबांनी तो बाबांच्या तळपायाला टेकवला. चर्र झालं, मांस भाजल्याचा वास अंगणभर पसरला.

"लागून राहिलं का रे?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले आणि हसले.

पुन्हा टेकवला. बाबा पुन्हा हसले. "गडी पाहा, गडी!" जमलेले तुम्ही सगळे म्हणाले. मलाही छाती फुगल्यासारखं झालं. माझ्या बापाला आगसुद्धा लागत नाही, असं मी वर्गात सांगत फिरले.

आठ दिवसांत जखमेत अळ्या पडल्या. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आधी बोटं कापली, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. तिथला डॉक्टर माझ्यावर खेकसला, "दुखत नव्हतं हाच तर रोग होता!" कापलेला पाय कापडात गुंडाळून आमच्या हाती दिला. मोठेबाबांनी तो तिथल्याच स्मशानघाटावर पुरला आणि लहान पोरासारखे रडले. हेही मला लिहिलं पाहिजे. पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले.

मी बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. रायपूरला समता कॉलोनीतल्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम मिळालं. एका रस्त्यावर तीन लॅब. लोक फिरायला निघतात आणि जाता जाता शुगर तपासून जातात. पहिल्या महिन्यात मला त्यांचा राग यायचा, नुसता राग. नंतर गावी गेले तेव्हा आईची शुगरही मीच काढली, तिच्या बोटाला सुई टोचून. गोळ्या मी इथून पाठवायचे. ती फोनवर म्हणायची, घेऊन राहिली ना बाई.

मग एका मे महिन्यात न सांगता घरी गेले. अंगणात तीच चूल. आई पाटावर, पाय पुढं. मोठेबाबांच्या हातात विळा, लाल.

"पोट्टे, तुह्या आईच्या पायाले मुंग्या येऊन राहिल्या, तुले काही समजते का?"

मी विळा हिसकला, तोही पात्याकडून. हाताची कातडी पात्याला चिकटली. त्यांनी मूठ सोडली नाही, म्हणून मी त्यांना सगळ्या अंगानिशी ढकललं. कपाळ चुलीच्या दगडावर आपटलं. "एक पाय खाल्ला तुम्ही! आता हा नाही!" असं मी ओरडले. एवढंच झालं. गावात आता काय काय सांगतात ते कानावर येतं.

रायपूरला दवाखान्यात डॉक्टर दीदींनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि मासे धरायच्या गळाला असतो तसला नायलॉनचा दोरा तिच्या तळव्याला टेकवला.

"अम्मा, लग रहा है?"

"हव," आई म्हणाली. हव म्हणजे हो, रायपूरच्या शेजारणीकडून शिकलेला शब्द.

दोरा हलला, पुन्हा हव, पुन्हा हव. मग दीदींनी दोरा टेकवलाच नाही, नुसतं विचारलं.

"हव."

बाहेर येऊन मी आईवर ओरडले, "खोटं काहून बोलली?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "नाही म्हटलं तं कापतीन ना. तुह्या बापानं नाही म्हटलं होतं."

मी तिथंच पायरीवर बसले. मोठेबाबांनी विचारलं ते आणि दीदींनी विचारलं ते एकच होतं. एकाच्या हातात विळा, दुसरीच्या हातात दोरा. आईला फरक कसा कळावा? मी तिला आत नेलं. तिनं डोळे घट्ट मिटले, माझा पट्टीतला हात धरला, आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. डाव्या पायाला तीन जागी काही लागत नव्हतं.

मोठेबाबा, तुमच्या कपाळाचं मला वाईट वाटत नाही. मी चूल फुंकली, त्याचं वाटतं.

घर कुठं विचारलं तर आई अजून गावाचं नाव सांगते, मी रायपूरचा बूढापारा सांगते. इथं आमची एक खोली आहे. संध्याकाळी आई साडीवर बूट घालून तलावापर्यंत जाऊन येते. पोरं हसतात. ती म्हणते, "हसा, तुमच्या बापाचे आहेत का बूट?" आली की तिचे तळवे मी दिव्यापाशी पाहते. एक फोड आला होता, वेळेत सापडला, बरा झाला.

चार वर्षं झाली. आईचे दोन्ही पाय शाबूत आहेत.