आप्पांची सही

माझ्या नावावर एक वॉशिंग मशीन आहे, हे मला जर्मनीत दीड वर्ष काढल्यावर कळलं. हप्त्यावर घेतलेलं, आणि सगळे हप्ते थकलेले. पत्ता पुण्यातल्या माझ्या जुन्या खोलीचा, आधार कार्ड माझंच, आणि खरेदीची तारीख अशी की त्या दिवशी मी इथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलत होते. खोली सोडताना मागं राहिलेल्या झेरॉक्स कुणीतरी कामाला लावल्या होत्या. धाराशिवजवळच्या बेंबळीच्या पलीकडं आमच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. तिथं वॉशिंग मशीन कुणी फुकट दिलं तरी आई त्यात ज्वारी भरून ठेवेल.

हसून सोडून दिलं असतं. पण वसुलीवाले मला शोधत जर्मनीला कशाला येतील? ते गावाकडं माझ्या वडिलांकडं गेले. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो.

त्यांचा एक माणूस आधी स्टँडवरच्या हॉटेलात बसला आणि चार माणसांत मोठ्यानं विचारलं, "ती परदेशात पळून गेलेली नर्स, तिचं घर कुठंय?" पळून गेलेली. मग आमच्या ओसरीवर येऊन चहा प्याला. आई कुणाला उपाशी पाठवत नाही, म्हणून पिठलं-भाकरीही खाल्ली. हात धुता धुता त्याची नजर मेंढरांवर गेली. "काका, पंचवीसेक असतील न्हाय? निम्मी विकली तरी भागतंय." खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, यानं मेंढरं मोजली. आईनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मला शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

जाताना त्यानं एक इंग्रजी कागद पुढं केला. "कागद मिळाला एवढीच सही द्या, काका." आप्पांनी दिली.

आप्पांची सही ही गावात साधी गोष्ट नव्हती. आमचे आजोबा जन्मभर मेंढरांमागं फिरलेले, अंगठाबहाद्दर. आप्पा चौथीपर्यंत शिकले आणि मग तेही मेंढरांमागं गेले, पण खिशाला पेन लावून. आमच्या भावकीत सही करणारा हा पहिला माणूस. वाटणीचा कागद असो की बैल विकल्याची चिठ्ठी, साक्षीला आप्पा पाहिजेतच. पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. कागद ओळीवर बोट ठेवून वाचल्याशिवाय सही करायचे नाहीत. इंग्रजी कागदाशी मात्र त्यांची कधी गाठ पडली नव्हती, आणि समोरचा माणूस घरात जेवलेला. जेवलेला माणूस फसवत नाही असं त्यांना वाटायचं.

इकडं मी कर्ज देणाऱ्या कंपनीशी भांडत होते. पासपोर्टवरचा शिक्का पाठवला, नोकरीचा करार पाठवला, पगाराच्या पावत्या पाठवल्या. उत्तर एकच यायचं, प्रिय ग्राहक, आपली थकबाकी त्वरित भरावी. फोन लावला की एक पोरगी गोड आवाजात म्हणायची, "मॅम, तुम्ही स्वतः शाखेत येऊन सांगा." अगं बाई, मी तिथं नव्हतेच हे सांगायला तिथं येऊ? ती म्हणायची, "हो मॅम." डोक्यात तिडीक जायची. चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या.

शेवटी त्यांनी एका कागदाचा फोटो पाठवला. वडिलांनी मुलीचं कर्ज मान्य करून ते फेडायची हमी दिली आहे, म्हणे. खाली पूर्ण नाव, रेघ, दोन टिंबं. कागद मिळाल्याची पोच म्हणून दिलेली ती सही. मी ड्युटीवर होते. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत कामाला लागले.

धाराशिवचे एक वकील ओळखीतून मिळाले. फोनवर म्हणाले, "ताई, तुमचं प्रकरण स्वच्छ आहे, अडकलंय ते या सहीपाशी. वडिलांना कागदातलं समजत नाही असं तुम्हीच लिहून द्या. लगेच सुटेल." मी म्हटलं, त्यांना समजतं, फक्त इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, "तेवढ्यावर भागायचं नाही. बघा तुम्ही, मेंढरं तुमचीच आहेत."

आणि मी लिहिलं. लिहायला जडही गेलं नाही, याचीच जास्त किळस वाटते. आमच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या कागदांवर ही नोंद मीच रोज करते, अमक्याला समज आहे, तमक्याला नाही. तीच भाषा मराठीत उतरवली. 'माझे वडील वृद्ध व अशिक्षित असून आपण कशावर सही करत आहोत याचे त्यांना आकलन होत नाही. त्यांची कोणतीही सही ग्राह्य धरू नये.' कोणतीही, हा शब्द वकिलांनी सुचवला नव्हता. तो माझा.

पंधरा दिवसांत प्रकरण मिटलं. ज्यांना पासपोर्टवरचा शिक्का दिसला नाही, त्यांना बाप अडाणी आहे हे चटकन पटलं. थकबाकी नसल्याचं पत्र त्यांनी गावाच्या पत्त्यावर पाठवलं, आणि त्याला माझ्या अर्जाची प्रत टाचली. आईनं सांगितलं, आप्पा ओसरीवर बसले, ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मग कागद घडी करून पेटीत ठेवला. फोनवर मला एवढंच म्हणाले, "मिटलं न्हवं? झालं मग."

मी सुट्टीवर गेले तेव्हाही त्यांनी विषय काढला नाही. मी काढायला गेले की ते मेंढरांना पाणी दाखवायला उठायचे. चौथ्या दिवशी सकाळी भावकीतले तात्या आले. भावाभावांत रानाची वाटणी झाली होती, साक्षीला आप्पा पाहिजे होते. आप्पांनी चष्मा लावून कागद वाचला, एका ठिकाणी बांधाची दिशा चुकली होती ती दाखवून दुरुस्त करून घेतली. तात्यांनी पेन पुढं केलं.

"पेन नगं," आप्पा म्हणाले. "शाईचं पॅड आणलंय का?"

तात्या हसले. "आप्पा, चेष्टा करता व्हय सकाळ सकाळ?"

"चेष्टा न्हाय. माझी सही चालत न्हाय आता. लेकीनं तसं लिहून दिलंय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आप्पांना म्हटलं, तो कागद फक्त त्या कंपनीपुरता होता. ते म्हणाले, "कोणतीही, असं लिवलंय त्यात. म्या वाचलंय." तात्यांनी पोत्यावर खुणा करायचं पॅड घरून आणलं. आप्पांनी डावा अंगठा शाईत दाबला आणि सावकाश, जोर देऊन, साक्षीदाराच्या जागी उमटवला. धोतराला पुसला. मग कागद उचलून माझ्यासमोर धरला.

"बघ गं बाय, नीट उमटलाय का. तुला समजतंय त्यातलं."

मी कागद हातात घेतला, बघितला, आणि म्हटलं, "व्हय आप्पा, नीट उमटलाय."