ढगवाली कंपनी

नोकरी शोधणाऱ्या मंडळींनो, अर्जांच्या एक्सेल शीटमध्ये कंपनीचं खरं नावच लिहा. मी नव्हतं लिहिलं.

मी माण गावात भाड्याने राहते. गच्चीतून आयटी पार्कच्या इमारती दिसतात. इतके अर्ज केले की सगळ्या कंपन्यांची नावं सारखीच वाटायला लागली, म्हणून शीटमध्ये टोपणनावं टाकली. 'पांढऱ्या जिन्याची'. 'झाडांमागची'. आणि माझी लाडकी 'ढगवाली', कारण तिच्या काचांत दिवसभर ढग सरकत असतात.

आज दुपारी गच्चीत कपडे वाळत घालताना एचआरच्या बाईंचा फोन आला. त्यांनी सांगितलेलं कंपनीचं नाव मी शीटमध्ये शोधलं, पण सापडेना. "आमच्याबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मान वर केली, तर तेच नाव समोरच्या इमारतीवर होतं.

"तुमच्या काचांत ढग दिसतात," मी बोलून गेले.

त्या म्हणाल्या, "आतून नाही दिसत हो." आणि सोमवारी मुलाखतीला बोलावलं.

घरमालकीण काकू शेजारीच कुरडया उलटत होत्या. त्यांना हे सांगितलं, तर इमारतीकडे बघत म्हणाल्या, "तितं आमची भाताची खाचरं व्हती. पानी भरलं की तवाबी आसंच ढग दिसायचं."

कपडे कधीच वाळलेत, मी अजून गच्चीतच आहे. सोमवारी आत जायचंय, आणि आतून ढग दिसत नाहीत.

लांबून बघत राहिलेल्या जागेत तुम्ही कधी आत गेलात का? मग बाहेरचं काय आठवतं?