तळघर वगळून

बालविभागाच्या थोरल्या सिस्टरला अख्खं हॉस्पिटल 'तोफ' म्हणायचं, तेही तोंडावर. तिच्या वॉर्डात सलाईन मोजून सोडणारे तीन पंप होते. त्यातला एक ती चादरींच्या कपाटात दडवून ठेवायची. चोरी नव्हे हो ती! उसना नेलेला पंप परत आला तर शपथ. म्हणून प्रत्येक वॉर्ड आपापलं असंच झाकून ठेवायचा आणि अडलं की दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडायचा.

तोफेची भाची डिझाइन कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिनं प्रकल्प घेतला: प्रत्येक यंत्राला चकती चिकटवायची, म्हणजे ते कुठे आहे, चालू आहे की रिकामं, हे पडद्यावर ठिपक्यानं दिसेल आणि शोधाशोध संपेल. परवानगीसाठी मावशीनंच वरच्यांच्या मागे भुणभुण लावली. लपवलेलंही दाखव, नाहीतर सगळंच खोटं ठरेल, असं पोरीनं गळ्यात पडून विनवलं, तेव्हा तोफ विरघळली. कपाट उघडलं.

आणि झालं काय? सादरीकरणाला अधीक्षकसाहेबांनी पडदा पाहिला आणि बालविभागातला रिकामा पंप वरच्या मजल्यावर, पैसेवाल्यांच्या खोल्यांत पाठवायला सांगितला. तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी एक तान्हं बाळ ऑपरेशन होऊन येणार होतं, पंप त्याच्यासाठी राखलेला होता. तिनं तसं सांगितलं. साहेब म्हणाले, रिकामं ते रिकामं, पडदा खोटं बोलत नाही.

"मग त्या पडद्यावर तळघर का नाही?" तोफेनं विचारलं.

भाचीचा चेहरा पडला. तिथे टाकलेल्या बिघडलेल्या यंत्रांनी नकाशा घाण दिसतो, शिवाय साहेब नाराज होतील, म्हणून कॉलेजच्या सरांनी तळघर काढायला लावलं होतं. पोरगी क्षणभर सरांकडे बघत राहिली आणि मग तिनं बटण दाबलं.

पडदाभर ठिपके! वारूळ फुटावं तसे. पंपच पंप. कुणाची वायर तुटलेली, कुणाची बॅटरी मेलेली. दुरुस्तीला पाठवा म्हणून तोफेनं जिभेला फोड येईपर्यंत सांगितलं होतं, पण सही करायला कुणाचा हात उठेल तर ना! फाटकावरच्या नव्या कमानीला रंग द्यायला बरा उठला.

"ते भंगार आहे," साहेब म्हणाले, "ते मोजायचं नसतं."

सरांनी घाईघाईनं आभार मानले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. लाज कशी वाटली नाही, देव जाणे. दुपारी पंप वर गेला तो गेलाच.

संध्याकाळी बाळ आलं. उरलेले दोन्ही पंप दुसऱ्या पोरांना लागलेले, म्हणून तोफेनं हातानंच सलाईनचा वेग लावला. बाकीची पोरंही तिलाच बघायची होती, म्हणून तिनं भाचीला खाटेशी स्टुलावर बसवलं, हातात घड्याळ दिलं आणि बजावलं, की थेंब मोजत राहायचे, एक जरी कमीजास्त वाटला तर हाक मारायची. पोरगी मान वर करून मोजत बसली. तिची मान अवघडली, ओठ हलत राहिले.

तिच्या पिशवीत फोन वाजत होता. शेवटी तोफेनंच तो घेतला. पलीकडे सर होते. प्रकल्प पहिला आला होता, तळघर वगळून.

तोफेनं ते जसंच्या तसं भाचीला सांगितलं. पोरीचे डोळे डबडबले.

"रडू नकोस," मावशी म्हणाली. "थेंब दिसायचे नाहीत."