रफूची पिशवी

तिला सगळे कात्रीमावशी म्हणत. हातातल्या कात्रीमुळे की तोंडातल्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या शिवणकामाच्या दुकानामागच्या खोलीत तरुण मंडळाची पोरं दरवर्षी जमत. सैनिकांच्या घरून जुने गणवेश आणायचे, मावशीनं त्यांच्या पिशव्या शिवायच्या, मंडळानं त्या विकायच्या आणि त्यातून हुतात्म्यांच्या स्मारकाची देखभाल करायची, असा शिरस्ता. मावशी शिलाई घेत नसे, पण नियम तिचेच. "हुतात्म्यांच्या नावानं विकायची वस्तू. फाटकं-तुटकं चालायचं नाही." रफू दिसला की कापड थेट चिंध्यांच्या टोपलीत. पोरंही आता तिच्यासारखीच काटेकोर झाली होती.

त्या दुपारी पोरं गणवेश निवडत बसली होती. मशीनला तेल देऊन झाल्यावर पुसायला तिनं टोपलीतून हाताला आलं ते ओढलं. बाही होती. कोपरावर बारीक, दाट रफू. तिच्याच हाताचा.

सैन्यातला भाऊ सुट्टीवर आला होता तेव्हाचा.

"ताई, शत्रू माझ्या कोपराकडं कशाला बघेल?"

"शत्रू नाही, पण लोक बघतील. बहीण शिवणकाम करते आणि भावाचं कोपर उघडं."

तो निघताना ती म्हणाली होती, "फाटलं तर घेऊन ये. मी आहे." तो आला नाही. त्याची ट्रंक आली, ती वहिनीकडे राहिली. यंदा घर बदलताना वहिनीनं गणवेश मंडळाला दिला, पण नणंदेला सांगायचा तिला धीर झाला नाही. आणि नणंदेच्याच नियमानं तो चिंध्यांत गेला.

मावशी बाही छातीशी धरून रडली, चांगली हुंदके देऊन. पोरांना कुठं बघावं कळेना.

मंडळाची अध्यक्ष मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, हा गणवेश घरी ठेवा ना. एक पिशवी कमी झाली तर काय बिघडतं?"

मावशीनं पदरानं नाक पुसलं. "ट्रंकेत ठेवून तो कुणाला आठवणार? फिरू दे कुणाच्या तरी खांद्यावर. आणि ती टोपली ओता इथं. रफू कुणीतरी मायेनं केलेला असतो. इतकी वर्षं माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे."

विक्रीच्या दिवशी स्मारकासमोर पोरं ओळीनं उभी राहिली. प्रत्येकाच्या खांद्याला पिशवी, रफू बाहेरच्या बाजूला. मावशीला त्यांच्याकडं किती बघू नि किती नको असं झालं.

एका गिऱ्हाइकानं भावाच्या गणवेशाची पिशवी उलटीपालटी केली. "हिला रफू आहे. दुसरी नाही का?"

"दुसऱ्या आहेत," अध्यक्ष मुलगी थेट मावशीच्या सुरात म्हणाली, "पण अशी नाही."

मावशीचा ऊर भरून आला. आपली कात्री योग्य तोंडात गेली म्हणायची.

ती पिशवी शेवटी केस बारीक कापलेल्या एका मुलीनं घेतली. उद्या सैन्याच्या प्रशिक्षणाला निघणार होती. रफूवरून बोट फिरवत तिनं विचारलं, "टिकेल ना?"

"फाटली तर घेऊन ये," मावशी म्हणाली. "मी आहे."

"येते, मावशी," म्हणत मुलीनं पिशवी खांद्याला लावली.