भोंगाबाईंनी घेतलेलं माप

गल्लीतल्या शिंपीणबाईंना सगळे पाठीमागे भोंगाबाई म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. एवढ्याशा दुकानात पडद्याआड त्या गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावत आणि आकडा असा ओरडून सांगत, की समोरच्या बेकरीतला पाव दचकून बसावा. "मास्तर, कंबर चाळीस!" पडद्याबाहेर कापायच्या टेबलाशी त्यांचा नवरा, म्हणजे मास्तर, खडूने ते आकडे कापडावर उतरवत. आपली कंबर गल्लीभर झाली म्हणून बायका चडफडत बाहेर पडत, पुन्हा इथे पाय ठेवणार नाही म्हणत, आणि महिन्याभरात दुसरं कापड घेऊन हजर होत. भोंगाबाईंची शिवणच तशी. खांद्याला सुरकुती म्हणून पडायची नाही.

पोस्टातल्या बाईही त्यांच्याकडेच शिवून घेत. त्यांचा आवाज इतका हळू, की खिडकीपलीकडचा माणूस दोनदा 'काय?' विचारी. भोंगाबाईंकडे दर वेळी त्या कानांपर्यंत लाल होत. पण गेल्या वर्षी शस्त्रक्रियेत त्यांचा डावा स्तन काढावा लागला, आणि हे घराबाहेर कोणाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. रजा संपत आली तरी कामावर जायचं नाव काढेनात. बाहेर पडायचंच झालं तर शाल, भर उन्हातसुद्धा. त्यात बहिणीच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं.

"येईन गं," त्या भाचीला म्हणाल्या. "शाल घेऊन मागे बसेन."

"मावशी, माझं लग्न आहे, तुला सर्दी नाही झालेली!"

तयार ब्लाउज आणून पाहिले. डावी बाजू रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची. शेवटी भाचीच नवं कापड आणि मावशीचा जुना मापाचा ब्लाउज घेऊन भोंगाबाईंकडे गेली, आणि दोन्ही जसंच्या तसं घेऊन परत आली.

"म्हणाल्या, हा ब्लाउज जुना झाला, माप शिळं झालं. ज्याचं अंग त्यानं यावं."

"तू काही बोललीस का?"

"शपथ नाही."

दोन दिवस पोस्टातल्या बाईंनी शिंपीणबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अर्थात हळू आवाजात. पण भाचीला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिच्या लग्नात खांबाआड बसायला मन घेईना. तिसऱ्या दिवशी शाल लपेटून त्या निघाल्या.

भर दुपारीही दुकानात तिघीजणी होत्या, आणि त्यातल्या एक बेकरीवाल्या काकू.

"अगंबाई, पोस्टातल्या बाई! किती दिवसांनी! वाळलात हो. आजारी-बिजारी होतात की काय?"

उत्तर सुचायच्या आत भोंगाबाईंनी त्यांना दंडाला धरून पडद्याआड ओढलं. शाल खुंटीवर गेली. टेप पाठीवरून पुढे आला, डावीकडे पोचला आणि थांबला. बोटं तिथेच थबकली. बाहेरचं बोलणंही थांबलं होतं. आकडा ऐकायची सवय सगळ्यांनाच. बाईंनी डोळे गच्च मिटले. आता गल्लीला कळणार, संध्याकाळपर्यंत पोस्टाला.

"मास्तर, घ्या! छाती छत्तीस!"

बाईंचे डोळे खाडकन उघडले. छत्तीस हे जुनं माप होतं.

"कंबर एकतीस! दंड अकरा! बाई, होतात तशाच आहात की, सूतभर हलला नाहीत! काकू, शिका जरा. तुमच्यासाठी मला टेपला टेप जोडावा लागतो!"

बाहेर हशा उसळला. "मेली जीभ आहे की कातर!" काकू कडाडल्या. त्या गलक्यात बाईंच्या कानाशी कोणीतरी बोललं, इतकं हळू, की तो आवाज त्याच गळ्यातून आलाय हे त्यांना आधी खरंच वाटेना.

"खरं माप माझ्या बोटांत आहे. कापीन मीच. कुठे दुखतं अजून? तिथे शिवण येऊ देणार नाही."

बाईंनी दाखवलं. डॉक्टर सोडून पहिल्यांदाच कोणाला.

आठवड्याने त्या ब्लाउज न्यायला गेल्या तेव्हा दुकानात मास्तर एकटेच, पाठमोरे. बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. मास्तर आपले खडूने रेघ ओढतायत. किती हा ताठा, असं मनात येतंय तोच भोंगाबाई आतून आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर वळले, बाईंना पाहून तोंडभर हसले.

"ऐकू येत नाही त्यांना," भोंगाबाई त्याच लहान आवाजात म्हणाल्या. "एक कान लहानपणीच गेला, दुसराही जायच्या वाटेवर आहे. बहिऱ्या शिंप्याकडे कोण कापड टाकणार? म्हणून मी ओरडते. माझ्या तोंडाला नावं ठेवण्यात लोक असे रंगतात, की यांच्या कानाकडे कोणाचं लक्षच जात नाही." मग हसल्या. "तुमचं मला कळलं, माझं तुम्हाला. फिट्टंफाट!"

ब्लाउजच्या आत डावीकडे मऊ मलमलीचा खिसा होता, आणि खिशात कापसाची छोटी उशी.

"नुसत्या कापसानं ती बाजू वर चढते, म्हणून आत मूठभर मोहरी घातलीय. धुताना काढून ठेवायची."

बाईंनी पडद्याआड ब्लाउज घालून आरशात आधी कडेने पाहिलं, मग समोरून. दोन्ही खांदे एका रेषेत होते. त्यांनी भोंगाबाईंचा खडूने माखलेला हात धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि निघाल्या.

"अहो बाई, शाल राहिली!"

बाई उंबऱ्यावर वळल्या. शालीकडे पाहिलं, पाठमोऱ्या मास्तरांकडे पाहिलं. मग छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला.

"मास्तर, येते हं! लग्नाला या दोघं!"

समोर बेकरीच्या दारात काकू धावत आल्या. आणि मास्तरांनी कापडावरून मान वर करून खडूचा हात हलवला.