निवृत्तीचा आवाज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा—माझ्या पोटात काही राहत नाही. लग्न असो, बारसं असो, मी उभा राहिलो की लोक हातातला घास थांबवतात. नकला, किस्से, थापा—सगळं सांगून झालं. एवढंच राहिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरच्या एमआयडीसीत आमची कंपनी पंप बनवायची. एका शेडच्या तीन शेड झाल्या, वीस माणसांची दीडशे. मी टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून. मालक पुण्याहून कसलंसं शिबिर करून आले आणि भिंतीवर पाटी लागली—‘गिऱ्हाइकाला मोल, आपसात बोल’. दाराशी पत्र्याची सूचनापेटी बसली. नाव न घालता चिठ्ठी टाकायची, शनिवारी ती सगळ्यांसमोर वाचायची. वाचणार कोण? दुसरं कोण असणार?

आता, मी नुसतं वाचतो होय? कॅन्टीनची तक्रार आली की मी आचाऱ्यासारखा चालून दाखवायचो. मालक डोळे पुसेपर्यंत हसायचे. शनिवार म्हणजे माझा नाटकाचा प्रयोगच.

रंगाच्या खोलीत निवृत्ती होता, पारनेरकडचा. टेम्पररी. महिन्याभरात परमनंट करतो असं त्याला सांगितलेलं, आणि त्यानं ते घरी कळवूनही टाकलेलं. प्रत्येक वाक्याआधी ‘मी काय म्हन्तो’ म्हणायचा आणि एक आवंढा गिळायचा. एका दुपारी तो माझ्या खिडकीशी आला.

“मी काय म्हन्तो अण्णा, चिठ्ठी कुनाची ते खरंच कळत न्हाई ना?”

“निर्धास्त टाक. पेटीची किल्ली माझ्याकडं आहे.”

त्यानं टाकली. रंगाच्या वाफेनं डोकं गरगरतं, पंखा बसवा. सुपरवायझरना तीनदा सांगितलं, ते वर सांगत नाहीत. सुपरवायझर म्हणजे मालकांचे मेहुणे.

इथं थांबावंसं वाटतं. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलो—की तोंडातून निघून गेलं. निघून गेलं? त्या शनिवारी आधी वाचलेल्या तीन चिठ्ठ्या फुकट गेल्या होत्या. नळ गळतो, सायकलींना छप्पर नाही—यावर कोण हसणार? मालक घड्याळ बघायला लागले. आणि मला—काय सांगू—कुणी हसत नसलं की मला बुडाल्यासारखं होतं. चौथी चिठ्ठी हातात. मेहुणे समोरच उभे. निवृत्ती मागच्या रांगेत. मी सगळं नीट पाहिलं. मग आवंढा गिळला आणि म्हणालो, “मी काय म्हन्तो—”

शेड दणाणली. नाव मी घेतलं नाही. गरज होती का? दीडशे माना मागे वळल्या. मेहुण्यांचीही वळली.

पुढच्या आठवड्यात टेम्पररींना ब्रेक मिळाला. तो दरवेळीच मिळायचा—थोडे दिवस घरी बसवायचं, मग परत घ्यायचं. परत बोलावायच्या यादीत निवृत्ती नव्हता. यादी मीच टाइप केली.

तो काही दिवस गेटवर येत राहिला. वॉचमन आत सोडेना. एकदा मला गाठलंच.

“अण्णा, चिठ्ठीवर नाव न्हवतं.”

“मी तरी कुठं घेतलं?”

“व्हय,” म्हणाला तो. आवंढा नाही, ‘मी काय म्हन्तो’ नाही. नुसतं व्हय. आणि सायकल वळवली.

त्यानंतर पेटीत एकही चिठ्ठी पडली नाही. मग मीच टाकायला लागलो—डाव्या हातानं लिहून, दर आठवड्याला चार-पाच. आपल्याकडं माणसं किती मोकळी बोलतात, असं सांगत मालक पाहुण्यांना पेटी दाखवायचे. पंखा बसला. मला बढती मिळाली.

पारनेरच्या स्टँडवर मी दोनदा उतरलो. त्याचं गाव माहीत होतं, पुढची गाडी उभी होती. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. तो पुढं कुठं लागला, लागला की नाही, मला माहीत नाही. माहीत करून घेण्याची हिंमत झाली नाही, हे खरं.

मागच्या महिन्यात घोडेगावला एका लग्नात कंपनीतले जुने लोक भेटले. अण्णा, तो आवाज काढा, म्हणाले—तो ‘मी काय म्हन्तो’वाला. कुणाचा आवाज, हे त्यांच्यातल्या एकालाही आठवत नव्हतं.

मी आवंढा गिळला, आणि काढला.

लोक खूप हसले.