न उकळलेलं पाणी

आम्ही देशपांडे नगरात राहायचो तेव्हा पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, आणि बहुधा पहाटे. शेजारच्या कन्नड काकू फाटकातूनच ओरडायच्या, "नीर बंदाव री!" पाणी आलं म्हटलं की सगळी गल्ली एकदम जागी व्हायची. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे घरात हंडे-कळश्यांना तोटा नव्हता. पहिलं गढूळ पाणी माझी मोठी बहीण, अक्का, झाडांना सोडायची. मग आई नळाला जुन्या धोतराचं फडकं बांधायची, मी भरलेल्या कळश्या ओढत आत न्यायची. सगळं भरून झालं की सगळ्या जणी ओल्या साड्यांनिशी कट्ट्यावर बसून चहा प्यायच्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये गप्पा मारायच्या. गैरसोय होती, पण त्या सकाळी मला अजून आवडतात.

प्यायचं पाणी आम्ही तेव्हा गाळून, तुरटी फिरवून प्यायचो. उकळायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. मग एका उन्हाळ्यात अक्काला कावीळ झाली. ती कॉलेजात होती. डोळे पिवळे झाले, अन्नाचा वास नकोसा झाला. रस्ता खणताना कुठेतरी गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळलं, असं डॉक्टर म्हणाले. गल्लीतली आणखीही काही घरं आजारी होती. अक्का मधल्या खोलीत पडून असायची. आई तिला मऊ भात आणि पातळ ताक भरवायची, तिच्या केसांतून हात फिरवत बसायची. अक्का बरी व्हायला पावसाळा उजाडला.

त्यानंतर आईनं न उकळलेल्या पाण्याचा थेंबही घरात कुणाला दिला नाही. सकाळी स्वयंपाकाच्या आधी पाण्याचं पातेलं चुलीवर, म्हणजे गॅसवर, चढायचं. लग्नाला जाताना फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी सोबत असायचं. अळणावरजवळ माझ्या मावशीचं शेत होतं. तिथंही आईनं तो तांब्या काढला, तेव्हा मावशी रुसलीच.

"आमच्या विहिरीच्या पाण्यात विष आहे काय गं? एवढी माणसं पितात की!"

"विष नाही बाई," आई म्हणाली, "पण मी एकदा भ्याले ती भ्याले."

मावशीनं मग आपल्याच विहिरीचं पाणी उकळून ठेवलं, आणि आम्ही निघेपर्यंत त्यावरून आईची थट्टा केली.

पुढे अक्का नोकरीसाठी जर्मनीला गेली. लग्न तिकडेच झालं, घरही तिकडेच झालं. अप्पा गेल्यावर आई आणि मी त्याच शहरातल्या नवनगरला राहायला आलो, आणि त्या वर्षी अक्कानं आम्हा दोघींना उन्हाळ्यासाठी तिच्याकडे बोलावलं.

पोचलो तेव्हा दुपार होती. अक्कानं स्वयंपाकघरातला नळ सोडला, ग्लास भरला आणि आईसमोर धरला.

आईनं ग्लास घेतला नाही. "उकळलंय?"

"इथं नळाचंच पितात, आई. सगळेच."

आईनं ते पाणी किटलीत ओतलं. दुसऱ्या दिवसापासून अक्काच्या ओट्यावर आईचं पातेलं आलं. तिथलं पाणी जड होतं, काही दिवसांत पातेल्याच्या तळाशी पांढरा थर जमला. आईनं तो नखानं खरवडून मला दाखवला. "बघ. आणि म्हणे चांगलं पाणी!"

"तो चुन्याचा थर आहे, त्यानं काही होत नाही," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "एवढी वर्षं मी हेच पिते. मला काही झालं का?"

"तुला तेव्हा काय झालं होतं ते तू विसरलीस. मी नाही विसरले."

 अक्का आईशेजारी खुर्ची ओढून बसली. "विसरले नाही गं. पण मला त्यातलं काय आठवतं सांगू? तू दिवसभर माझ्याजवळ असायचीस. एरवी तुला बसायला वेळ कुठे होता? इथं आल्यावर ताप आला की मला तीच खोली आठवायची."

आईनं पदरानं डोळे पुसले. मग तिनं वकिलासारखी एकेक गोष्ट विचारली. पाणी येतं कुठून? तपासतं कोण? नळ मध्येच बंद होतो का? अक्कानं फोनवर नगरपालिकेचं पान उघडून तिला मराठीत समजावलं. पाणी जमिनीखालून येतं, वरचेवर तपासतात, आणि नळ कधी बंद होत नाही, त्यामुळे पाइप कायम भरलेला राहून बाहेरची घाण आत शिरायला वाव नसतो. हे शेवटचं मात्र आईला लगेच पटलं. आमच्याकडे एकदा पाणी येऊन गेलं की पुन्हा येईपर्यंत पाइप रिकामा पडतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती उठली, स्वतः नळ सोडला आणि उभ्यानंच थोडं पाणी प्यायली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

"गार आहे," ती म्हणाली. "चव मात्र आपल्या मलप्रभा नदीच्या पाण्याची नाही."

त्या संध्याकाळी अक्कानं पातेलं घासून कपाटात ठेवलं. आईनं ते पुन्हा बाहेर काढलं नाही.

परत आल्यावर देशपांडे नगरातल्या जुन्या मैत्रिणी तिला भेटायला नवनगरला आल्या. जर्मनीत काय काय पाहिलं, असं त्यांनी विचारलं. अक्कानं आम्हाला राजवाडे, डोंगर, मोठं तळं सगळं दाखवलं होतं. आईनं त्यातलं काही सांगितलं नाही. जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी तिथं नळाचं पाणी प्यायले. तसंच. न उकळता."

"अय्यो!" जुन्या शेजारच्या त्या कन्नड काकू म्हणाल्या. "काही झालं नाही?"

"काही नाही."

"मग आता इथंही?"

"छे गं," आई म्हणाली, आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.

आई जाऊन आता काही वर्षं झाली, पण सकाळी स्वयंपाकाच्या आधी पाण्याचं पातेलं मी अजून चढवते.